इंग्लंडमधल्या दगडी घराला सिमेंट का लावू देत नाहीत? आणि मग आपल्या पेठेतल्या घराचं काय करायचं?

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण आणि दाजी इंग्लंडात चिपिंग कॅम्पडेन नावाच्या बाजाराच्या गावात भाड्यानं राहायला गेलेत, ग्लॉस्टरशायरमध्ये, कॉट्सवोल्ड्स म्हणून टेकड्यांचा भाग आहे तिथं. घर जुनं दगडी कॉटेज आहे, सतराव्या शतकातलं असं घरमालकीण बाई सांगतात. बहीण फोटो पाठवत असते आणि मी मोठे करकरून बघतो, कारण असलं काम मी कधी बघितलं नाही. भिंत दगडाची ठीक आहे, पण छप्पर पण दगडाचंच! खालच्या ओळीत मोठमोठ्या फरशा आणि वर आढ्याकडं जाईल तशा लहान लहान होत गेलेल्या, उतार एवढा की माणूस उभा राहू शकणार नाही. खिडक्या बारक्या, मध्ये दगडाचे उभे दांडे, आणि प्रत्येक खिडकीच्या वर दगडाची पट्टी पुढं आलेली जी दोन्ही बाजूला खाली वळवलीय. भिंत दोन फूट जाड.

आता अडचण. बसायच्या खोलीत भिंतीला गुडघ्याएवढी ओल आलीय, गिलावा सुटतोय. दाजी म्हणाले सिमेंटचा गिलावा करून वॉटरप्रूफिंग मारून टाकू, तर बाई म्हणाल्या या घराला मूठभर सिमेंट लागणार नाही, चुनाच लागेल, आणि तेही आधी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या कार्यालयाला, विचारून.

मी हे का विचारतोय तर आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घराचं जोतं आणि तळमजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत, आजोबांच्या पण आधीच्या, दर्जा, म्हणजे दगडांच्या सांध्यातला चुना, सगळा निघालाय आणि आतून ओल आहे. ठेकेदार म्हणतो दर्जात सिमेंट भरू आणि आतून केमिकल घालून प्लास्टर करू, वीस वर्षं बघायला नको. आई तयार आहे. माझं मन तयार होईना. जाणकारांनी सांगा, तिकडची घरं नक्की कशी बांधलेली असतात, आणि तिकडचा नियम आपल्या दगडाला लागू होतो का?

कौलारू

चांगला विषय काढलात दादा. मी आर्किटेक्ट आहे, शिकायला तिकडं होतो आणि कॉट्सवोल्ड्सची गावं पायी फिरलोय, त्यामुळं जरा लांबण लागेल.

सगळं त्या दगडात आहे. तो चुनखडीचा दगड, साधारण १६-१७ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी बारीक गोल कण साचून झालेला. आपला काळा दगड लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्यांचा दगड आपल्यापेक्षा कितीतरी म्हातारा आणि तरी मऊ. त्यात लोहाचा अंश असतो म्हणून कॅम्पडेनकडं पिवळसर सोनेरी रंग येतो, दक्षिणेला जाल तसा फिका पडत जातो. खाणीतून नुकता काढलेला असताना त्यात पाणी असतं, तेव्हा तो करवतीनं कापता येतो आणि वाळत गेला की टणक होतो. पन्हाळ्याकडं, गगनबावड्याकडं जांभा काढताना बघितला असेल तर लगेच कळेल, तोही असाच काढताना मऊ आणि वाऱ्यावर घट्ट होणारा. म्हणूनच तिकडं विणकराच्या, शेतकऱ्याच्या घरालाही घडीव चौकट, खिडकीचे कोरीव दांडे, कोपऱ्याला तासलेले चिरे परवडले. काळ्या दगडात तसलं काम करायचं तर पाथरवटाची टाकी झिजते. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात केलंय की, पण त्यामागं राजाचा पैसा होता.

भिंत कशी असते, तर बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडाच्या कपच्या आणि चुना-मातीचा भराव, आणि दोन्ही थर बांधून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारे लांब दगड. आपल्या वाड्याची भिंत फोडली तर हेच निघतं. पाया मात्र बऱ्याच ठिकाणी जवळजवळ नसतोच, माती खरवडून मोठे धोंडे टाकले आणि उभी केली भिंत. इमारत थोडी हलते, बसते, आणि चुना मऊ असल्यामुळं ती हालचाल सांध्यात जिरते, दगड फुटत नाही.

छपराचं काम तर मला आजही थक्क करतं. तो पातळ थरांचा चुनखडी दगड, काही ठिकाणी आपोआप पातळ पापुद्र्यानं निघतो, आणि ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्डला तर शरद ऋतूत खाणीतून काढून, ओला ठेवून, हिवाळ्यात उघड्यावर पसरत. आत मुरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड थराथरानं सुटतो. माणसानं छिन्नी लावायच्या आधी निम्मं काम थंडीनं केलेलं. मग प्रत्येक फरशीला वरच्या टोकाला एक भोक, त्यात ओक लाकडाची खुंटी, आणि ती खुंटी आतल्या पट्टीवर अडकवायची. मोठ्या जड फरशा खाली, कारण खाली पाणी जास्त गोळा होतं आणि तिथं सांधे कमी हवेत, शिवाय एवढं वजन भिंतीच्या डोक्यावरच पडलेलं बरं. खाणीतून येणारा लहानमोठा सगळा माल वापरला जातो तो वेगळाच फायदा. ही फरशी खडबडीत असते, थोडं पाणी पिते, म्हणून पाणी थांबूच द्यायचं नाही, उतार ५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आतून चुन्यात जनावराचे केस मिसळून फटी लिंपतात.

हे वजन पेलायला ओकच्या जाड तुळया लागतात आणि लांब लाकूड महाग, म्हणून घर एकाच खोलीच्या रुंदीचं. जागा वाढवायची तर वर जायचं, म्हणून तो उताराखालचा माळा राहायला वापरतात आणि उजेडासाठी भिंतच वर नेऊन त्रिकोणी शेंडा करून त्यात खिडकी काढतात. बहिणीला सांगा, चुलीच्या मोठ्या कोनाड्याशेजारी बघ, बहुतेक तिथंच गोल फिरणारा अरुंद जिना असेल, आणि कोनाड्यावर एक आडवी दांडगी तुळई.

खिडकीवरच्या त्या पट्टीचं विचारलंत. ती शोभेची नाही. तिकडं आपल्यासारखी हातभर पुढं आलेली वळचण नसते, त्यामुळं भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट खिडकीत येणार, ते ही पट्टी अडवते आणि दोन्ही टोकांना बाजूला सोडते.

रंकाळा_कट्टा

भारी माहिती. खिडक्या बारक्या असायचं कारण मला माहितेय, इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता म्हणून लोकांनी खिडक्या कमी आणि लहान ठेवल्या. अजून काही घरांवर बुजवलेल्या खिडक्या दिसतात.

कौलारू

@रंकाळा_कट्टा कर होता हे खरं, १६९६ ते १८५१. पण तो खिडक्यांच्या संख्येवर होता, मापावर नाही, त्यामुळं खिडकी लहान करून काही सुटत नव्हतं. शिवाय कॅम्पडेनसारख्या गावातली कितीतरी घरं हा कर येण्याच्या आधीच बांधून झालेली. बारक्या खिडकीची कारणं साधी आहेत. काच महाग आणि फक्त लहान तुकड्यांत मिळायची, म्हणून ते तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडून बसवलेले दिसतात. आणि दगडाची आडवी पट्टी लांब टाकली तर मध्ये तडकते, म्हणून दर दीड-दोन फुटाला उभा दांडा द्यायचा. बुजवलेली प्रत्येक खिडकी करामुळंच असं पण नसतं, काही तर समोरून घर जुळतं दिसावं म्हणून पहिल्यापासूनच बंद ठेवलेली असतात. अजून एक, खाली तीन-चार दांड्यांची खिडकी, माडीवर त्यापेक्षा कमी, शेंड्यात दोनच, असं वर जाईल तसं लहान होत जातं, फोटोत मोजून बघा.

थापी_ओळंबा

भावा, मी गवंडीकाम करणाऱ्या घरातला. आज्जा, बाप, आता मी. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ठेकेदाराला थांबवा पहिलं.

आता का ते सांगतो. चुना पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो. दगडी भिंतीत खालनं जमिनीतली ओल चढते, वरनं पाऊस लागतो, घरात माणसं राहतात, स्वयंपाक होतो त्याची वाफ असते, हे सगळं पाणी कुठनं तरी बाहेर पडायलाच पाहिजे. चुन्याच्या दर्जातनं ते पडतं. सिमेंट भरलं की वाट बंद. तिकडच्या बाईंचा दगड मऊ आहे, पाणी पितो, मग सिमेंटचा दर्जा जिथं आहे तिथंच राहतो आणि पाणी दगडातनं बाहेर यायला बघतं, सोबत मीठ आणतं, ते मीठ दगडाच्या तोंडाशी फुगतं, आणि थंडीत तेच पाणी गोठतं. दगडाचं तोंड पापुद्र्यानं गळून पडतं. काही वर्षांनी बघाल तर सिमेंटची जाळी पुढं आणि दगड आत गेलेला.

आपला काळा दगड तसा फुटत नाही. आणि इथंच सगळे फसतात, कारण बाहेरनं बघितलं तर काहीच झालेलं नसतं. काळा दगड पाणी जवळपास पीतच नाही, म्हणजे भिंतीला श्वास घ्यायला फक्त दर्जा आणि मधला भराव. तो दर्जा सिमेंटनं बुजवला की सिमेंट आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढी चीर पडतेच, पावसाचं पाणी त्यातनं आत जातं आणि परत यायला वाट नाही. मग ते भरावात साठतं. भरावातली माती धुपते, भिंतीला पोट येतं. आणि तुळईचं टोक जिथं भिंतीत गेलंय ना, सागवान असलं तरी ते टोक कुजतं. वरनं रंग झकास आणि आत टोकाचा भुगा, अशा तुळया मी स्वतः काढल्यात. पेठेतली कडीपाटाची, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांची, माडी बसते ती बऱ्याचदा अशानंच. लोक म्हणतात लाकूड जुनं झालं. लाकूड जुनं होऊन नाही मरत, ओलीत कोंडून मरतं.

म्हणून तिकडचा नियम आपल्याला लागू आहे का विचारलंत तर माझ्या मते आहेच, आणि आपल्याकडं जास्तच पाळायला पाहिजे, कारण तिकडं नुकसान तोंडावर दिसतं, आपल्याकडं लपून राहतं.

अजून एक विचारतो. तुमच्या घराबाहेरचा रस्ता किती वर आलाय?

शुक्रवारपेठकर

@थापी_ओळंबा काका, अंगावर काटा आला वाचून. रस्ता इतका वर आलाय की पूर्वी तीन पायऱ्या चढून उंबरा होता, आता एकच उरलीय. दर डांबरीकरणाला थर वाढत गेला. आणि २०१९ च्या महापुरात पाणी जोत्याला लागून होतं बरेच दिवस.

बहिणीला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिनं बाहेर जाऊन बघितलं तर ज्या भिंतीला ओल आहे तिथंच बाहेरून फुलझाडांचा वाफा केलाय, माती आतल्या फरशीच्या पण वर आलीय, आणि वरच्या पन्हळीत पानं अडकून पाणी भिंतीवरून वाहतंय. तिथल्या बाईंनी ही माती काढायला लगेच होकार दिला.

पण हे कौन्सिलला विचारणं म्हणजे काय भानगड? स्वतःच्या घराला आतून गिलावा करायला कोण कशाला परवानगी मागेल?

टेम्सकाठचा_कोल्हापुरी

मी मूळचा मंगळवार पेठेतला, बरीच वर्षं इकडं आहे, कॅम्पडेनला वरचेवर जाणं होतं. परवानगीचं सांगतो.

इकडं जुन्या इमारतींची सरकारी यादी असते, तिला लिस्टिंग म्हणतात. १७०० च्या आधीची आणि बरीचशी मूळ रूपात शिल्लक असलेली इमारत जवळपास यादीत येतेच, १७०० ते १८५० मधल्यापण बहुतेक. तीन श्रेणी आहेत, पहिली, दोन-तारांकित आणि दुसरी, त्यात ९० टक्क्यांहून जास्त घरं दुसऱ्या श्रेणीत. श्रेणी कोणतीही असो, संरक्षण आतून-बाहेरून सगळ्याला असतं, जिना, चुलीचा कोनाडा, दारं, जुना गिलावा सगळं. त्या घराचं रूप किंवा महत्त्व बदलेल असं काहीही करायचं तर आधी संमती घ्यायची, आणि न घेता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. संमतीच्या अर्जाला फी नसते. वाफ्याची माती काढणं, पन्हळ साफ करणं याला सहसा काही विचारावं लागत नाही, पण चुन्याचा जुना गिलावा काढून सिमेंट लावणं म्हणजे नक्की विचारावं लागेल आणि नक्की नाही म्हणतील.

ही समज एका दिवसात आली नाही हे पण सांगायला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इकडं जुनी चर्च सुधारायच्या नावाखाली जुना गिलावा खरवडून, जुने भाग पाडून नव्यानं 'जुन्यासारखं' करायची लाटच आली होती. त्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिसनं १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती आजही चालू आहे. तिचं म्हणणं असं की नवीन करून देऊ नका, रोजची निगा राखा, गळती थांबवा, आणि दुरुस्ती केली तर ती मूळ मालाशी जुळणारी करा. त्याच १८७७ साली आपल्याकडं मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराच्या नकाशावर नव्या राजवाड्याचं काम सुरू झालं होतं, काळ्या दगडात.

आणि कॅम्पडेनचं म्हणाल तर ते गाव लोकरीच्या पैशावर उभं राहिलं. विल्यम ग्रेव्हेल नावाचा लोकरीचा व्यापारी १४०१ मध्ये वारला, त्याचं दगडी घर हाय स्ट्रीटवर अजून आहे. तिथंच मधोमध १६२७ साली सर बॅप्टिस्ट हिक्सनं बांधलेला बाजार-मंडप आहे, लोणी, चीज, कोंबड्या विकायला, चारी बाजूंनी कमानी आणि खाली झिजून खड्डे पडलेली फरशी. बाहेर पाऊस असला की मी त्याच्यात जाऊन उभा राहतो, तिथून सगळा हाय स्ट्रीट वळणावळणानं दिसतो. घरं रस्त्याला अरुंद तोंडाची आणि मागं लांबच लांब पट्टीसारखी जागा, मध्ययुगात गाव आखताना अशाच पट्ट्या पाडल्या होत्या, रस्त्याला तोंड सगळ्यांना मिळावं म्हणून. आपल्या पेठेत पुढं दुकान आणि मागं मागं जाणारं घर असतं त्यामागचं गणित हेच.

पुढं कापडाचा धंदा उत्तरेकडच्या गिरण्यांकडं गेला, गावात पैसा राहिला नाही, आणि पैसा नाही म्हणून कोणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. मग १९०२ साली सी. आर. ॲशबी नावाचा वास्तुकार लंडनमधून हस्तकारागिरांची आख्खी मंडळी कुटुंबांसकट घेऊन इथं आला, त्यांनी पडकी कॉटेजेस दुरुस्त करून त्यात संसार थाटले. आपल्यासाठी मोठी गोष्ट अशी की शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्ये एक मोडकळीला आलेलं नॉर्मन काळातलं (अकराव्या-बाराव्या शतकातलं) चॅपल, म्हणजे छोटं चर्च, होतं, ते ॲशबीनं राहण्याजोगं करून दिलं ते आनंद कुमारस्वामींना. भारतीय कलेवर ज्यांनी आयुष्य घातलं ते कुमारस्वामी त्या दगडी घरात राहत होते! बहिणीला सांगा, चालत जाऊन बाहेरून तरी बघून ये.

रंकाळा_कट्टा

हे कुमारस्वामींचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण प्रश्न असा की आज कोल्हापुरात चुन्याचं काम करणारं कोण आहे? चुना मळायच्या घाण्या बंद पडून जमाना झाला. आणि खर्च?

थापी_ओळंबा

आहेत, कमी आहेत पण आहेत. किल्ल्यांची, देवळांची दुरुस्ती चुन्यातच चालते, तिथं काम केलेला माणूस शोधा. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येतो आणि वेळ तर लईच जास्त, हे लपवत नाही.

@शुक्रवारपेठकर, तुमच्या घराला काय करायचं ते सांगतो, तुम्हाला जमेल तसं बघा. भिंतीला शेवटी हात लावायचा. आधी वरनं सुरुवात, फुटकी कौलं बदला, पन्हळ दुरुस्त करा, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर येता कामा नये. मग खाली, रस्ता तर तुमच्या हातात नाही पण आतल्या चौकात, परसात जोत्याला लागून जी माती नाहीतर कोबा वर आलाय तो काढून जोतं उघडं करा, पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार द्या. पुढचा एक पावसाळा जाऊ द्या. निम्मी ओल इथंच कमी होईल. बहिणीचं पण हेच, वाफा काढल्या काढल्या गिलाव्याला हात लावायचा नाही, एवढी जाड भिंत वाळायला महिने लागतात.

त्यानंतर दर्जा. गणपती झाले, पाऊस सरला की सुरू करून थंडीत संपवायचा, उन्हाळ्यात नको कारण चुना उन्हानं भाजतो, वाळतो पण धरत नाही. आधी कोणी सिमेंट भरलेलं असेल तर हातोडी-छिन्नीनं हळू काढायचं, ग्राइंडर लावायचा नाही. सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट खोल साफ करायचा, पाण्यानं धुवायचा, ओला असतानाच भरायचा. कळीचा चुना विझवून मुरवलेला पाहिजे, दुकानात पोतं फुटून हवा लागलेला असतो तो मेलेला असतो, तो घेऊ नका. एकाला तीन वाळू, आणि भाजक्या विटेची सुरखी थोडी, आपल्या दमट हवेत चुना धरायला तिचा उपयोग होतो. गूळ, हिरडा, बेलफळ जुने लोक घालायचे, पण त्याचं प्रमाण ज्याला माहितेय त्यानंच घालावं, अंदाजानं नको. भरून झालं की ओलं गोणपाट लावून निदान आठवडाभर शिंपत राहायचं, चुना हवा खातखात दगड होतो, त्याला घाई चालत नाही. आतला गिलावापण चुन्याचाच आणि वर ऑइलपेंट, डिस्टेंपर काही नको, चुन्याचीच सफेदी.

आणि ठेकेदाराला दुसरं काही विचारायच्या आधी एवढं करून घ्या. माडीच्या प्रत्येक तुळईचं टोक भिंतीजवळ टोच्यानं टोचून बघायचं. टोच्या सहज आत गेला तर तिथं आधी टेकू लावायचा, मगच बाकीचं. फोटो टाका इथं, मी सांगतो कुठलं टोक बदलायला लागेल आणि कुठलं तसंच वाळू द्यायचं.